जुनी जिप्सी पुन्हा रंगवायचा खर्च : पत्र्यापासून पॉलिशपर्यंत

वीस वर्षांची सॉफ्ट-टॉप, म्हणजे कापडी छताची, मारुती जिप्सी घेऊन चार गॅरेजांत चौकशी केली, तर चार आकडे कानावर पडतात. एक पेंटर पस्तीस हजारांत गाडी नव्यासारखी करून देतो म्हणतो, दुसरा दीड लाखाच्या खाली हात लावायला तयार नसतो. यात कोणी फसवतंय असं लगेच समजू नका. दोघे दोन वेगळी कामं सांगत असतात आणि दोन्ही कामांना नाव मात्र एकच असतं, ‘फुल बॉडी पेंट’. पस्तीस हजारांत आहे त्या रंगावर पेपर मारून, म्हणजे सँडपेपरने घासून, वरून नवा थर चढतो. दीड लाखात गाडी उघडली जाते, सडलेला पत्रा कापला जातो आणि मग रंगाचा विषय सुरू होतो. मैदानात, चिखलात, ओढ्यात जाणाऱ्या गाडीचा पहिल्या प्रकारचा रंग दुसऱ्या पावसाळ्यात फुगायला लागतो, म्हणून या लेखातला हिशोब दुसऱ्या प्रकारचा आहे.

उदाहरणाला जिप्सीच घेण्याचं कारण साधं आहे. १९८५च्या डिसेंबरात ती भारतात आली, १९९६मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली, आणि आज आपल्याकडे हौसेने जपल्या जाणाऱ्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत ती भरपूर दिसते. महिंद्राची एमएम-५४० किंवा आणखी जुनी जीप असेल तर पत्रा जाड मिळेल, ठोकाठोक सोपी जाईल, पण कामाचा क्रम आणि पैशाची वाटणी जवळजवळ हीच राहील.

आधी क्षेत्रफळ बघू, कारण पेंटर सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. जिप्सी किंग सुमारे ४ मीटर लांब आणि १.५४ मीटर रुंद. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, बाजूचे पत्रे, टेलगेट, काचेची फ्रेम असं सगळं धरलं तरी बाहेरची बाजू १० चौरस मीटरच्या आसपास भरते. हॅचबॅकचा पेंटर इथेच थांबतो आणि त्यावर भाव देतो. पण सॉफ्ट-टॉपला आतून ना छत, ना दरवाज्यांची जाड पॅडिंग. कापडी हूड काढलं की सगळा टप, म्हणजे बॉडीचा पत्र्याचा हौद, उघडा. फ्लोअर, चाकांवरचे उंचवटे, बाजूच्या पत्र्यांची आतली बाजू, डॅशखालचा भाग, इंजिनाची खोली, हे सगळं मोजलं की आणखी ९ ते १० चौरस मीटर होतात. म्हणजे रंगाचं काम दुप्पट. कोटेशन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, टप आतून धरलाय का? ‘आतून फवारा मारून देऊ’ हे उत्तर आलं तर आत पेपर मारला जाणार नाही, गंज काढला जाणार नाही, फक्त रंगाची धूळ बसेल.

आता पत्रा. गाडी गॅरेजला नेण्याआधी एक रविवार द्या. सीटा काढा, मॅट उचला, मागच्या आडव्या बाकड्यांचे बोल्ट सोडा. हातात जुना स्क्रूड्रायव्हर आणि चांगला टॉर्च घ्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, विशेषतः पुढे जिथे तो वर वळतो ती घडी, ही पहिली जागा. मॅटखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि पत्रा वरून शाबूत दिसत असला तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवल्याबरोबर तांबड्या पापडासारखा पापुद्रा सुटतो. त्याच्या खाली चासीवर बॉडी बसते त्या रबरी बुशांच्या जागा बघा. मग काचेच्या फ्रेमचे खालचे दोन कोपरे, दरवाज्याखालची उंबरठ्याची पट्टी, मागच्या चाकामागचा कोपरा जिथे चाक चिखल फेकतं, टेलगेटच्या खालच्या घडीचा शिवणजोड, बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा पत्रा. चासीत मागचा आडवा मेंबर आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलजवळच्या जागा हातोडीने हलके ठोकून बघा. घट्ट लोखंडाचा आवाज टणक येतो, सडलेल्याचा बद्द येतो. चासी सडली असेल तर रंगाचा विचार तिथेच थांबवा. आधी चासी, तीही चासीचं काम जाणणाऱ्या माणसाकडून.

बाजूच्या पत्र्यांवर फ्रिजवर चिकटवायचा पातळ लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे खाली खड्डे बुजवायची पुट्टी आहे, म्हणजे पूर्वी कोणीतरी सडका किंवा चेपलेला पत्रा तिने झाकला आहे. ती जागा खडूने गोल करून ठेवा. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर आणखी चांगलं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १३० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) भरतो, एकदा नीट पुन्हा रंगवलेला दोनशे-अडीचशेपर्यंत जातो, आणि पाचशेच्या पुढे गेला की खाली बहुतेक पुट्टी असते.

सडलेला पत्रा कापून तिथे नवा लावणं याला पर्याय नाही. फायबर ग्लासचं कापड आणि रेझिन, वरून ॲल्युमिनियमची पट्टी रिबिटने ठोकणं, सडक्या पत्र्यावर नवा पत्रा तसाच चढवणं, हे सगळे प्रकार ओलावा आत कोंडतात. फ्लोअरसाठी १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, बाहेरच्या दिसणाऱ्या भागासाठी २० गेजचा पुरतो. २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. आठ बाय चारची २० गेजची अख्खी शीट २१ किलो भरते आणि मध्यम सडलेल्या जिप्सीला अर्धी शीटही संपत नाही. म्हणजे पत्र्याची किंमत किरकोळ, सगळा पैसा डेंटरच्या दिवसांचा. वेल्डिंग सीओटूचंच, म्हणजे वायर आणि सीओटू वायूवर चालणारं, हवं. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते आणि बाजूचा सपाट पत्रा लाटेसारखा उठतो. सीओटूनेही एका दमात शिवण मारत गेला तर तेच होतं. दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका, एक इथे तर पुढचा समोरच्या टोकाला, हाताला गार लागेपर्यंत थांबून पुढचा, असं करणारा डेंटर हळू वाटतो पण पुढे पुट्टीचे दोन किलो वाचवतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा वापरायचा मोह होतो, पण वेल्डिंगच्या जागी त्याचं जस्त जळून जातं, त्याचा धूर घातक, आणि उरलेल्या जस्तावर साधा प्रायमर नीट धरत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायच्या, आणि पेट्रोलची टाकी काढायची. जिप्सीची टाकी मागच्या फ्लोअरखालीच आहे. ‘ओलं फडकं टाकून करतो’ असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून उचला. यात तडजोड करू नये.

बॉडी बुशांच्या जागी फ्लोअर गेला असेल तर टप चासीवरून उचलणं परवडतं. सगळं मोकळं केलं की टप सहा-आठ माणसांनी उचलला जातो. गंजलेले बोल्ट मात्र हमखास तुटतात, म्हणून आदल्या दोन रात्री त्यांना गंज सोडवणारं तेल पाजत राहायचं. या उचलाउचलीचे १५ ते २० हजार वाढतात, पण चासीची वरची बाजू आणि फ्लोअरची खालची बाजू पुन्हा कधी अशी उघडी मिळत नाही.

जुना रंग किती काढायचा हा दुसरा मोठा प्रश्न. एक सोपी परीक्षा आहे. कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवून रंगावर एक मिनिट धरा आणि पुसा. बोळ्यावर रंग आला किंवा रंग चिकट झाला, तर वरचा थर सिंथेटिक एनॅमल किंवा एनसीचा आहे. त्यावर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारला की त्याचं थिनर खालच्या थराला उचलतं आणि उकळत्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. हा रंग पूर्ण काढावाच लागतो. लिलावातून आलेल्या सैन्याच्या गाड्यांवर ब्रशने मारलेले एनॅमलचे थरावर थर असतात, तिथे परीक्षेची गरजसुद्धा नाही. बोळा कोरा राहिला आणि रंग घट्ट असला, तर निरोगी भागावर ३२० नंबरचा पेपर मारून त्यावर पुढचं काम करता येतं. यात मजुरीचे तीन-चार दिवस वाचतात.

काढायचाच असेल तर सपाट मोठ्या पत्र्यांना पेंट रिमूव्हर बरा. तो शिवणजोडांत शिरू देऊ नका, नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवा, नाहीतर आत राहिलेला रिमूव्हर महिन्याभराने नवा रंग खालून उचलतो. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून सगळी गाडी घासणारे असतात. घाई केली तर पत्रा तापून वाकतो आणि त्याची जाडीही खाल्ली जाते. सँडब्लास्टिंग चासी, ब्रॅकेट आणि चाकांसाठी उत्तम, पण बॉनेट आणि मडगार्डवर मोठ्या दाबाने वाळू मारली की पत्रा तबल्यासारखा फुगतो आणि तो पुन्हा सपाट होत नाही.

पत्रा उघडा पडल्यापासून घड्याळ सुरू होतं. कोकणात किंवा मुंबईत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून ज्या दिवशी घासला त्याच दिवशी, मेण आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने दोन फडक्यांनी पुसून (एकाने ओलं, लगेच दुसऱ्याने कोरडं), टू-के इपॉक्सी प्रायमरचे दोन थर मारायचे. गंजाचे खड्डे राहिले असतील तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावतात. ते चालतं, पण धुऊन निष्प्रभ केल्याशिवाय त्यावर इपॉक्सी मारला तर इपॉक्सी नीट वाळत नाही आणि नखाने सोलता येतो. इपॉक्सीचं काम पत्र्याला हवा आणि पाणी लागू न देणं हे आहे, आणि या अख्ख्या कामात एकाच गोष्टीवर पैसे जास्त टाकायचे असतील तर ते इथे टाका. आतून, बाहेरून, खालून मिळून साडेचार ते पाच लिटर तयार इपॉक्सी लागतो. नंतरच शिवणजोडांत सीलंट भरायचं. उघड्या पत्र्यावर भरलेल्या सीलंटखाली गंज चालू राहतो. आणि फ्लोअरमधली पाणी जायची भोकं सीलंटने बुजवू नका. ती बुजली की टप हंडा होतो.

पुट्टी इपॉक्सीवर, पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी स्पंजसारखी असते, ओलावा पिते. तिच्यावर पाण्याचा पेपर मारणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि सहा महिन्यांनी दिसणाऱ्या फोडांचं हे एक मोठं कारण आहे. पुट्टी कोरडीच घासायची, ८०, मग १८०, मग ३२०. जाडी दोन मिलिमीटरच्या वर नको. रस्त्यावरच्या गाडीत तीन मिलिमीटर चालून जाते, पण खडकावर एक चाक उचललेल्या जिप्सीची बॉडी पिळते आणि जाड पुट्टीला तडा जातो. पुट्टी कडक करणारं हार्डनर शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून दुप्पट घातलं तर हार्डनरमधला जास्तीचा पेरॉक्साइड वर येतो आणि पांढऱ्या रंगात पिवळसर डाग उमटतात. पांढऱ्या जिप्स्यांवर असे डाग पुष्कळदा दिसतात आणि दोष रंगाच्या डब्याला जातो.

त्यावर टू-के सरफेसरचे, म्हणजे घासून सपाट करायच्या प्रायमरचे, दोन-तीन थर, गनच्या १.६ ते १.८ मिलिमीटरच्या नोझलने. रात्रभर वाळल्यावर काळ्या स्प्रेची पातळ धूळ सगळीकडे मारून लाकडी ठोकळ्यावर ४०० नंबरचा पेपर बांधून घासायचं. काळे ठिपके जिथे राहतात तिथे खड्डा, जिथे लगेच उडतात तिथे उंचवटा. हे न करता नुसत्या हाताने घासलं की बोटांच्या रेघा रंगातून दिसतात. शेवटी ६०० किंवा ८०० नंबर.

आता वरचा रंग. जंगलात, करवंदीच्या आणि बाभळीच्या जाळ्यांतून जाणाऱ्या गाडीला वर वेगळा पारदर्शक थर (क्लिअर) न लागणारा टू-के पीयू सॉलिड रंग हाच माझ्या मते योग्य. मारुतीचा सुपीरियर व्हाइट असेल तर फारच सोपं. दोन-तीन थरांत झाकतो, ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून भरता येते, पॉलिशने कडा मिसळतात. सिल्व्हर किंवा कुठलाही मेटॅलिक घेतला की बेस वेगळा आणि वर क्लिअर वेगळा. साहित्यात आठ ते बारा हजार वाढतात, दोन दिवस वाढतात, आणि प्रत्येक खोल ओरखड्याला अख्खा पॅनल क्लिअर करावा लागतो. लाल आणि पिवळा झाकायला जास्त थर लागतात, त्यामुळे लिटरचा भाव सारखा असला तरी एकूण खर्च वाढतो. सिंथेटिक एनॅमल लिटरमागे सगळ्यात स्वस्त, पण दोन-तीन उन्हाळ्यांत खडूसारखा पांढुरका पडतो, आणि वर सांगितलेली सुरकुत्यांची अडचण पुढच्या वेळी तुमच्याच माथी येते. चासीला मात्र इपॉक्सीवर काळा एनॅमल चालतो. दर वर्षी पावसाळ्यानंतर ब्रशने भरता येतो, आणि तिथे चकाकीचा उपयोगही नाही.

टपच्या फ्लोअरला जाड, खरखरीत बेडलायनर मारायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. चार बाटल्यांचा संच साधारण ११ चौरस मीटरला पुरतो, म्हणजे जिप्सीचा फ्लोअर आणि चाकांवरचे उंचवटे होऊन उरतो. चिखलाचे बूट, जॅक, दोरखंड पडूनही तो टिकतो. अट एकच, खाली गंज शून्य हवा. लायनरखाली गंज वाढला तर तो वरून दिसतच नाही, आणि लायनर खरवडून काढणं हे रंग काढण्याच्या तिप्पट कष्टाचं काम आहे.

रंग किती आणायचा? आत-बाहेर २० चौरस मीटर, वाळल्यावर ६० मायक्रॉन जाडी हवी, फवाऱ्यात जवळपास ४० ते ४५ टक्के रंग हवेत जातो. हिशोब पाच लिटर तयार मिश्रणावर येतो. चारास एक हार्डनर धरला तर साडेतीन लिटर रंग, पाऊण ते एक लिटर हार्डनर, बाकी थिनर. चार लिटर रंग एकाच वेळी, एकाच मिक्सिंगमधून आणा. दोन वेळा मिसळलेल्या पांढऱ्यातही फरक पडतो आणि दरवाजा-मडगार्डच्या जोडावर तो उन्हात दिसतो. प्रमाण डब्यावर छापलेलं पाळा, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. हार्डनर महाग म्हणून कमी घालणारे पेंटर आहेत. असा रंग वाळलेला दिसतो, पण पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतो. टाकीच्या झाकणाखालचा रंग सोललेला दिसतो तो पुष्कळदा यामुळेच.

हवामानाचा खर्चाशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात डेंटिंग खुशाल करा, रंग नको. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला, किंवा संध्याकाळी पत्रा दवबिंदूच्या जवळ गार झाला, की चकाकी मरते, रंगावर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सकाळी सोडायचं आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवाच. एप्रिल-मेच्या विदर्भी उन्हात उलटी अडचण. साधं थिनर हवेतच उडतं, रंग पसरायच्या आत बसतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. तिथे संथ थिनर आणि सकाळची वेळ. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दसऱ्याच्या आधी गाडी दिली तर घाईगर्दीत सुकण्याचे दिवस कापले जातात.

फिशआय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे, सिलिकॉनमुळे येतात. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, बिजागरीला मारलेला तेलाचा स्प्रे, कशातूनही. गाडी गॅरेजला देण्याआधीच्या महिन्यात यातलं काही वापरू नका.

पेंटरच्या छातीबद्दलही बोललं पाहिजे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारी मुलं आपल्या प्रत्येक शहरात आहेत. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क असलेला बूथ निवडा, निदान नव्या फिल्टरचा चांगला मास्क वापरा आणि तो वेळेवर बदला असा आग्रह धरा. त्याचे पैसे कोटेशनमध्ये वाढले तर ते आनंदाने द्यावेत.

आता आकडे. सॉफ्ट-टॉप जिप्सी किंग, पांढरा सॉलिड टू-के, जुना रंग पूर्ण काढलेला, टप आतून-बाहेरून, गंज मध्यम : फ्लोअरला दोन ठिगळं, दोन्ही उंबरठे थोडे, काचेच्या फ्रेमचे कोपरे. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या चांगल्या पण साध्या गॅरेजचे अंदाजे भाव धरले आहेत. मुंबईत मजुरी वाढवून धरा, तालुक्याच्या गावी थोडी कमी. रिमूव्हर आणि धुण्याचं थिनर ३,०००. इपॉक्सी ४,५००. पुट्टी तीन किलो १,०००. सरफेसर हार्डनरसह ५,०००. सीलंट २,०००. वरचा रंग, हार्डनर, थिनर मिळून ९,०००. पेपर, डिस्क, मास्किंग ४,५००. खालून अंडरकोट आणि पोकळ भागांत मारायचं मेण ४,०००. पॉलिश १,५००. साहित्य झालं ३४,५००. पत्रा, वेल्डिंगचं सामान आणि डेंटर-हेल्परचे आठ दिवस मिळून १९,०००. पेंटर-हेल्परचे बारा दिवस २४,०००. गाडी उघडणं आणि पुन्हा जोडणं ६,०००. काचेचं रबर, दरवाज्यांची रबरं, क्लिपा, स्क्रू ९,०००. बंपर, हूडचे पाइप आणि पाच चाकं पावडर कोटिंगला ८,०००. बेरीज १,००,५००. गॅरेजची जागा, वीज, कॉम्प्रेसर आणि नफा धरून एक लाख वीस हजार. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००.

या यादीत जो थर डोळ्याला दिसतो त्याचे नऊ हजार आहेत, जीएसटीआधीच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. म्हणून ‘स्वस्तातला रंग वापरू, पाच हजार वाचतील’ हा सल्ला ऐकू नका, आणि ‘परदेशी रंग वापरतो’ एवढ्यावरून भुलूही नका. पस्तीस हजारांच्या कोटेशनमध्ये काय गायब असतं तेही आता दिसेल. रिमूव्हर नाही, इपॉक्सी नाही, डेंटरचे आठ दिवस नाहीत, रबरं नाहीत.

रबरांवर बचत करू नका हे मुद्दाम वेगळं सांगतो. वीस वर्षांचं काचेचं रबर कडक झालेलं असतं. ते न काढता त्यावर मास्किंग टेप लावून रंग मारला, की रबराच्या ओठाखाली जुना रंग आणि जुना गंज तसाच राहतो. नव्या रंगाची कड तिथे उघडी पडते आणि प्रेशर वॉशरच्या पहिल्या फटक्याला पट्टीने सुटते. काच काढली तरच फ्रेमचा खालचा कोपरा नीट होतो.

पैसे टप्प्यांनी द्या आणि टप्पे कोटेशनवर लिहून घ्या. पहिला हप्ता साहित्याला. दुसरा पत्र्याचं काम संपल्यावर, पण इपॉक्सी मारायच्या आधी स्वतः जाऊन उघडा पत्रा बघून, फोटो काढून. पुट्टी चढल्यावर सगळी ठिगळं सारखीच दिसतात, म्हणून ही एक चक्कर चुकवू नका. तिसरा सरफेसर घासून झाल्यावर. शेवटचा गाडी जोडून, पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करून बघितल्यावर. पंधरा दिवस सांगितलेलं काम दीड महिना धरून चाला. गंज उघडल्यावर काम वाढतंच, म्हणून ठरलेल्या रकमेच्या वर पंचवीस टक्के बाजूला ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. रंग बदलणार असाल तर तो आरसी बुकवर बदलून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. ऑलिव्ह ग्रीन मागू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधल्या नियम १२१ने तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. लिलावातल्या गाडीचाही बदलावाच लागतो. पंधरा वर्षं पुरी होत आली असतील तर पुनर्नोंदणीची तपासणी डोळ्यासमोर ठेवून काम आखा, आणि चासीवर ठोकलेला नंबर अंडरकोटखाली जाऊ देऊ नका. त्यावर आधी ग्रीस लावून टेप मारा, नंतर पारदर्शक थर द्या. आरटीओत छाप घेताना तो स्पष्ट उमटला पाहिजे. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून कामाचे फोटो आणि बिलं नूतनीकरणाच्या वेळी हाताशी ठेवा.

गाडी मिळाल्यावर पहिला आठवडा उन्हात तापवत उभी करू नका, दोन आठवडे शाम्पू नाही, महिना-दोन महिने मेणाचं पॉलिश नाही. आतलं थिनर बाहेर पडायचं असतं. पहिल्याच शनिवारी ट्रेलवर नेऊ नका. आणि उरलेला अर्धा लिटर रंग, हार्डनर न घातलेला, छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकणावर मिक्सिंगचा फॉर्म्युला आणि तारीख लिहून सावलीत ठेवा. करवंदीचा पहिला ओरखडा इपॉक्सीपर्यंत गेला असेल तर तो पावसाआधी भरायचा आहे.